मीठ, कोळसा आणि बनुबाईंचा शेक

“अभ्यास खुशाल कर,” केदार म्हणाला होता, “पण सुचि, एवढं लक्षात ठेव, ते पुस्तक कारखान्यांसाठी आहे. त्यातलं काही घरात लावायला जाऊ नकोस.”

सुचित्रा निसळने ते एका कानाने ऐकलं. दुसरा कान ईराकडे होता, कारण ईरा बराच वेळ गप्प होती, आणि दीड वर्षाचं मूल गप्प असलं की ते काहीतरी खात असतं. या खेपेला मोजा निघाला. तो तिच्या तोंडातून ओढून काढण्याच्या गडबडीत नवऱ्याचा इशारा कुठल्या कुठे गेला. नंतर तिच्या मनात एवढंच आलं की सुप्याच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळणाऱ्या आणि घरातला बल्ब बदलतानाही देवाचं नाव घेणाऱ्या माणसाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर बाईला विजेबद्दल सांगावं, म्हणजे जरा जास्तच झालं.

बेत तसा छोटासाच होता. सुचित्राला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स हवं होतं. सुप्याच्या एमआयडीसीत सारखी कुठली ना कुठली नवी शेड उभी राहते. प्रत्येक शेडला पॅनेल लागतं, केबल लागते, मोटरा लागतात, आणि हे सगळं रीतसर जोडायला लायसन्सवालं माणूस लागतं. ते माणूस आपण का नाही, असं तिला वाटलं. ईरा झाल्यापासून तिची डिग्री कपाटात लसीकरणाच्या कार्डाखाली पडून होती. कार्ड वरचेवर बाहेर निघे, डिग्री कधीच निघत नसे, आणि प्रत्येक खेपेला कार्ड उचलताना तिला डिग्रीचा कोपरा दिसे. मूल असलेल्या बाईला टोचायला असा कोपरा पुष्कळ होतो.

अर्ज भरायला ती सरकारी ऑफिसात गेली, तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, “अर्जदार कुठायत?”

“मीच.”

“तसं नाही हो ताई. म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे?”

“मीच.”

गृहस्थांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या ईराकडे पाहिलं. जणू काम ईरा करणार होती. त्यानंतर आधार कार्डावर अहमदनगर आणि अर्जात अहिल्यानगर का, यावर बरीच चर्चा झाली. दोन्ही एकच आहे हे त्यांना मान्य होतं, पण ते कागदावर कसं मान्य करायचं यावर त्यांचं आणि शेजारच्या टेबलाचं एकमत होईना. शेवटी अर्ज आत गेला आणि निरोप मिळाला: साहेब ऑफिसची जागा बघायला घरी येतील, तिथेच नियमांवर थोडे तोंडी प्रश्न विचारतील, आणि जागेसाठी घरमालकाचं संमतिपत्र लागेल.

घरमालकीण म्हणजे बनुबाई. केडगावातल्या त्या बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत, पुढच्या खोल्यांत निसळ मंडळी, मध्ये सामाईक अंगण. बनुबाई मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा जाऊन पुष्कळ दिवस झाले होते, मुलगा रंगनाथ नाशिकला होता. संमतिपत्रावर त्यांनी डोळे झाकून अंगठ्यासारखी मोठी सही केली आणि म्हणाल्या, “हापिस घाल न्हाईतर दुकान घाल. मला काय. फक्त रातचं ठोकाठोक करू नको.”

मग सुचित्रा अभ्यासाला बसली, आणि तिथेच सगळं बिघडलं.

आधी सांगायला हवं की सुचित्रा काळजी करणारी बाई होती. ईराला शिंक आली तरी तिच्या डोळ्यासमोर दवाखाना उभा राही. केदार घाटाघाटाचा रस्ता नसतानाही सुप्याहून वेळेवर पोचला नाही तर ती गॅलरी नसलेल्या घराच्या पायरीवर जाऊन उभी राही. सासरच्यांनी, माहेरच्यांनी, डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, इतकी काळजी करू नये. आणि आता हे पुस्तक हातात आलं. विजेच्या सुरक्षेचे नियम! मोटरीला एक नव्हे, दोन स्वतंत्र अर्थिंग असावीत, कारण एक तुटलं तर? पॅनेलसमोर रबरी चटई असावी, कारण पाय ओले असले तर? वाळूच्या बादल्या असाव्यात, कारण पेट घेतला तर? शॉक लागलेल्याला कसं वाचवावं याचा तक्ता भिंतीवर असावा, कारण ऐन वेळी माणूस विसरला तर? पानापानावर कुणीतरी काळजीने अर्धमेला झालेला माणूस ‘तर’ म्हणत होता. सुचित्राचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्यापेक्षा काळजीखोर कुणीतरी भेटलं होतं, आणि त्याला सरकारने मान्यता दिली होती.

ती ईराला भरवताना नियम मोठ्याने म्हणू लागली. “हा घास अर्थिंगचा, हा घास इन्सुलेशनचा.” ईराला इन्सुलेशनचे घास जास्त आवडत.

साहेब येणार म्हणजे ऑफिस नियमाप्रमाणे दिसलं पाहिजे, असा विचार करून तिने पुढची खोली सजवायला घेतली. मीटरच्या बोर्डाखाली रबरी चटई आली. कोपऱ्यात वाळूच्या लाल बादल्या आल्या. भिंतीवर प्रथमोपचाराचा भलामोठा तक्ता आला. त्यात एक माणूस उताणा पडलेला आणि दुसरा त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास देत असलेला. आणि बाहेर, दाराच्या डोक्यावर, मराठीत आणि इंग्रजीत ‘धोका’ लिहिलेली पाटी आली. पाटीवर कवटी आणि दोन हाडं.

दूधवाल्याने पहिल्या दिवशी दूध फाटकाबाहेरच ठेवलं. शेजारच्या पंकजाताई शाळेत शिक्षिका होत्या, त्या हळदीकुंकवाला बोलवायला आल्या आणि तक्त्यासमोर थबकल्या. त्यांनी आधी तक्त्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, मग “घरात लहान मूल आहे हो,” असं हळू आवाजात म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. ईराने वाळू खाल्ली. सुचित्राने बादलीवर झाकण बसवलं, तर केदार म्हणाला, “आग लागली तर आधी झाकण शोधावं लागेल.” झाकण काढलं, ईराने पुन्हा वाळू खाल्ली. रबरी चटईवर केदारच्या आई एक दिवस मुक्कामाला येऊन कुरडया वाळत घालून गेल्या. चटई छान होती, चिकटत नाही म्हणाल्या.

हे सगळं सुचित्राने सोसलं. अभ्यास करणाऱ्याला अपमान सोसावाच लागतो. पण मग तिने सॉकेट उघडला.

केदारने जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते हेच. थ्री-पिनच्या सॉकेटमधून अर्थिंगची हिरवी वायर निघाली, बोर्डाच्या आत बोटभर गेली आणि तिथे छान घडी घालून, चिकटपट्टी लावून झोपवून ठेवली होती. दुसरा बोर्ड उघडला, तिथेही हिरवी वायर झोपलेली. तिसरा उघडला. सुचित्रा मीटरपर्यंत गेली, मीटरमागे गेली, भिंतीला कान लावून आली. अख्ख्या घराला अर्थिंग नव्हतं. सॉकेटची तिसरी भोकं नुसती शोभेला होती.

“चाललंय ना इतकी वर्षं?” केदार म्हणाला.

“तर?” सुचित्रा म्हणाली. पुस्तकातल्या माणसासारखीच म्हणाली.

अर्थिंग करायचं म्हणजे अंगणात माणूसभर खड्डा खणायचा, तळाशी तांब्याची जाड पट्टी पुरायची, तिच्याभोवती मीठ आणि कोळशाचे आलटून पालटून थर द्यायचे, म्हणजे ओल धरून राहते आणि घरात कुठे वीज गळली तर ती माणसाच्या अंगातून न जाता निमूट जमिनीत उतरते. सुचित्राने बनुबाईंना विचारलं.

“खड्डाच ना? खन की,” बनुबाई म्हणाल्या. “त्यात काय इचारायचं.”

केडगावची जमीन मुरमाड. खणायला आलेल्या गड्याने टिकाव मारला तो थेट नळाच्या पाइपावर. नेमका पाण्याचा दिवस. गल्लीतल्या बायका हंडे-बादल्या घेऊन नळाशी बसलेल्या, आणि पाणी सगळं निसळांच्या खड्ड्यात. “वहिनी, शेततळं करताय का?” असं मच्छिंद्रभाऊंनी कुंपणावरून विचारलं. मच्छिंद्रभाऊ समोर राहत. त्यांचा फ्लेक्स छापायचा धंदा होता, त्यामुळे गल्लीत कोणाचा वाढदिवस आणि कोणाचं दुःखद निधन हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळे, आणि कुठल्याही प्रसंगाला मोठ्या अक्षरात बघायची त्यांना सवय लागली होती. पाइप जोडला गेला. प्लंबर बोलावण्यात, गल्लीची माफी मागण्यात आणि पंकजाताईंकडे दोन हंडे पाणी पोचवण्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. त्यातून मिठाची पोती उतरली. मग कोळशाची पोती. मग तांब्याची चकचकीत पट्टी, जी ईराने बघितली आणि टाळ्या वाजवल्या. सुचित्रा मुरमाच्या ढिगाशेजारी पुस्तक उघडून उभी राहिली आणि थर कसे द्यायचे ते मोठ्याने वाचू लागली. गडी खड्ड्यात, ती काठावर, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात मूठभर मीठ.

तिने हवामान बघितलं होतं. ईराच्या झोपेची वेळ बघितली होती. फक्त कॅलेंडर बघितलं नव्हतं. ती अमावस्या होती.

मच्छिंद्रभाऊ आधी कुंपणाशी आले, मग फाटकाशी, मग फाटकाच्या आत. त्यांच्यामागे आणखी चार माणसं. “वहिनी,” ते घसा खाकरून म्हणाले, “मी अंधश्रद्धा मानत नाही. पण अवसेला खड्डा, खड्ड्यात मीठ, मिठावर कोळसा, कोळशात तांबं, आणि दारावर...” त्यांनी वर बोट केलं. दारावर कवटी हसत होती. “तुम्हीच सांगा, लोकांनी काय समजायचं?”

“अहो, हे भारतीय मानक आहे!” सुचित्रा म्हणाली.

“असंल. पन केलंय कुनावर?” गर्दीतून एक आवाज आला.

सुचित्राने पुस्तकातला उतारा वाचून दाखवला. तिला वाटलं, छापील शब्दांनी लोकांची खात्री पटेल. पण ते शब्द इंग्रजीत होते, तिचा आवाज रागाने थरथरत होता आणि हातातलं मीठ बोटांमधून खड्ड्यात गळत होतं. दोन बायकांनी पदर डोक्यावर घेतला. मूठ झटकून ती म्हणाली, “मी इंजिनिअर आहे हो!” तेव्हा मागून कुणीतरी समजुतीने म्हणालं, “शिकलेलेच जास्ती करत्यात.”

बनुबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “खड्डा झाका. ऱ्हाऊ दे ते मीठ.” आणि आत गेल्या.

खड्ड्यावर पत्रा टाकला गेला. मिठाची पोती पायरीशी रचली गेली. आणि सुचित्रा शेगडीपाशी येऊन, गॅस पेटवायला विसरून, तव्यावर पोळी टाकून बसली. केदारने एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. न म्हणण्यात त्याचा चेहरा इतका दमला की तीच म्हणाली, “बोल बाबा, बोलून टाक.” तो म्हणाला, “पोळी कच्ची आहे.”

साहेबांच्या भेटीची तारीख कळली होती. अर्थिंगशिवाय ऑफिस कसलं पास होणार! सुचित्राने ठरवलं, बनुबाईंची समजूत काढायची. ताटलीत गरम थालीपीठ घेतलं, ईराला कडेवर घेतलं आणि दुपारची मागच्या दाराने आत गेली.

“मावशी?”

उत्तर नाही. न्हाणीतून पाण्याचा आवाज. सुचित्रा डोकावली.

बनुबाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. समोर रंगनाथने नाशिकहून पाठवलेलं वॉशिंग मशीन घरघरत होतं. त्यांनी दोन्ही तळवे मशीनच्या पत्र्यावर टेकवले होते आणि डोळे मिटले होते. चेहऱ्यावर आरती ऐकणाऱ्या माणसाची शांतता.

सुचित्राच्या हातून थालीपीठ पडलं. तिने आधी कोरड्या पायाने जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं, मग पिन उपटली, मग दाराला टेकून उभी राहिली आणि ईराला इतकं घट्ट धरलं की ईरा रडायला लागली.

“अगं, बंद का केलंस?” बनुबाई डोळे उघडून म्हणाल्या. “आत्ता कुठं सांधे मोकळे व्हत हुते.”

“मावशी, तुम्हाला... हाताला काय होतं त्याला लावलं की?”

“मुंग्या येत्यात. लई बारीक. पार कोपरापतुर जात्यात.” बनुबाईंनी गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला. “शेक हाय त्यो. त्या नगरातल्या फिजोवाल्याकडं अशीच मशीन हाय, हाताला दोन बिल्ले लावतो आन् पैशे घेतो. हितं फुकट हाय. रंगाला सांगू नको, न्हाईतर म्हनंल मशीन खराब कराया लागली. तू बी लावून बघ, मूल झाल्यापून तुझी कंबर धरती ना?”

सुचित्राने टेस्टर आणला. तिने पिन पुन्हा लावली, बनुबाईंना ईरासकट खाटेवर बसवलं, स्वतःच्या पायात केदारचे गमबूट घातले आणि टेस्टरचं टोक मशीनच्या पत्र्याला टेकवलं. दिवा पेटला. मिणमिणता नव्हे, चांगला दिवाळीतल्यासारखा. मशीन मागे ओढून पाहिलं, तर आतल्या वायरीचं आवरण उंदराने कुरतडलेलं. आज बारीक मुंग्या होत्या. उद्या वायरीचं उघडं तांबं पत्र्याला नीट चिकटलं असतं, आणि फरशी ओली, पाय अनवाणी, बाई एकटी.

“तर?” ती पुटपुटली, आणि त्या शब्दाचं उत्तर तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिने न्हाणीतल्या लाइनचा फ्यूजच काढून खिशात घातला.

“माझ्या घरात माझीच लाईट तोडती व्हय गं?”

“मावशी, हे शेक नाही. हे मरण आहे. वीज तुमच्या अंगातून जमिनीत जातेय. अंगणातला खड्डा त्यासाठीच...”

“ठावं हाय मला!” बनुबाई एकदम म्हणाल्या. “तूच त्या गड्याला सांगत हुतीस, ऐकलं मी, खड्डा झाला की सगळी वीज खड्ड्यात जाती. म्हंजी माझ्या मुंग्या गेल्या. म्हनून तर झाकाया लावला. अवसेचं त्या मच्छिंद्राला. मी कशाला भीते अवसेला? अवसेला जन्मलीय मी.”

इतके दिवस सुचित्रा करणीच्या संशयावर उत्तर शोधत होती.

“मी तुम्हाला चांगल्या डॉक्टरकडे नेते. औषध देतील, तेल देतील.”

“त्याल कोन लावंल?” बनुबाई म्हणाल्या. जमिनीवरचं थालीपीठ उचलून त्यांनी ताटलीत ठेवलं. “सकाळी उठल्यापून निजूस्तवर मला हात लावनारं दुसरं कोन हाय हितं? फोन हाय, टीव्ही हाय. हाताला हात कुनाचा लागतो? त्या मशीनीला लावला की वाटतं, काहीतरी हाय पलीकडं.” मग डोळे पुसून, रागाने, “फ्यूज दे. आन् ते संमतीपत्र बी परत दे. मला न्हाई ठेवायचं तुझं हापिस.”

फ्यूज सुचित्राने दिला नाही. संमतिपत्र ऑफिसात जमा झालेलं होतं, पण बनुबाईंनी साहेबांसमोर नाही म्हटलं की त्याचा उपयोग शून्य. घरी येऊन तिने केदारला सांगितलं, “लायसन्स जाईल बहुतेक. फ्यूज नाही द्यायचा.” केदार म्हणाला, “त्यांचे कपडे कोण धुणार आता?”

कपडे सुचित्राने धुतले, हाताने, दगडावर, कारण वायर बदलायला बनुबाई मशीनला हात लावू देईनात. शिवाय रोज दुपारी, ईरा उठली की, ती बनुबाईंकडे जाई, तेल कोमट करी आणि न विचारता त्यांचे गुडघे चोळी, मग कोपरं, मग बोटं. बनुबाई तोंड भिंतीकडे करून बसत. पहिल्या दिवशी अजिबात बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “डावीकडं जोर कमी हाय.” पुढे म्हणाल्या, “मशीनीची बरोबरी न्हाई.” त्याच्या पुढच्या दुपारी त्यांना चोळता चोळता झोप लागली आणि जाग आल्यावर म्हणाल्या, “उंद्या जरा लवकर ये.” पण खड्ड्याचं नाव काढलं की भिंत. संमतीचं नाव काढलं की भिंत. सुचित्रानेही मग नाव काढणं सोडलं. तिला आता नक्की कळत नव्हतं की ती गुडघे कशासाठी चोळतेय, आणि त्याची तिला काळजी वाटत नव्हती, म्हणजे पाहा.

साहेब आले ते गुरुवारी, जीपने. दहिफळे नाव, करड्या मिशा, हातात फाइल. फाटकात थांबून त्यांनी कवटीकडे बघितलं. आत येऊन वाळूच्या बादलीकडे बघितलं. बादलीत ईराचा चमचा आणि एक प्लास्टिकचा हत्ती पुरलेला होता. रबरी चटईवर उरलेल्या कुरडया होत्या. सुचित्राने ईराला बनुबाईंकडे ठेवलं होतं. रुसवा असला तरी नातीवर तो चालत नसे.

“मोटरच्या बॉडीला अर्थिंग किती?”

“दोन, साहेब. वेगवेगळी आणि स्वतंत्र.”

“का?”

“एक तुटलं तर...” ती म्हणाली.

दहिफळ्यांनी पुष्कळ विचारलं. इन्सुलेशन कशाने मोजतात, पॅनेलसमोर जागा किती सोडायची, शॉक लागलेल्याला ओढताना स्वतः कशावर उभं राहायचं. सुचित्राने एकही उत्तर चुकवलं नाही. साहेबांची मिशी जरा सैल झाली. मग त्यांनी सॉकेटकडे बोट दाखवलं.

“आणि इथलं अर्थिंग?”

खोटं बोलता आलं असतं. भिंतीच्या आत काय आहे ते कोणाला दिसतं? मच्छिंद्रभाऊ फाटकाशी उभे होते, पंकजाताई खिडकीत.

“इथे नाहीये, साहेब,” सुचित्रा म्हणाली. “अख्ख्या घराला नाही. खड्डा खणलाय. पण तो... थांबलाय.”

“का थांबलाय?”

“अमावस्या होती साहेब,” मच्छिंद्रभाऊंनी फाटकातून खुलासा केला.

दहिफळ्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मॅडम, तुमचं वाचन चांगलं आहे. पण ज्याच्या ऑफिसलाच अर्थिंग नाही त्याला मी...”

मागच्या घरातून किंकाळी आली.

सुचित्रा कशी पोचली ते तिला आठवत नाही. न्हाणीच्या दारात बनुबाई ईराला छातीशी आवळून जमिनीवर बसल्या होत्या आणि तिचे दोन्ही तळवे आपल्या पदराने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, जणू त्यांना काही लागलंय. ईरा अगदी धडधाकट होती. तिला या लाडाची मजा वाटत होती.

“काय झालं मावशी?”

“मशीनीला हात लावला हिनं,” बनुबाई म्हणाल्या. “माझ्यावानी. दोनी हात टेकवले, डोळं मिटलं, आन् हुबी ऱ्हायली. माझ्यावानीच गं! ओल्या फरशीवर!”

“मावशी, फ्यूज माझ्याकडे आहे. मशीन बंद आहे. काही झालेलं नाही.”

“आज बंद हाय!” बनुबाई ओरडल्या. “उंद्या मी रंगाला सांगून चालू केली असती. मी सांगनार हुते त्याला. आज सांजचंच सांगनार हुते.” त्यांनी ईराच्या तळहाताचा मुका घेतला, मग दुसऱ्या. “माझ्या कर्मा. मला मुंग्या वाटत हुत्या.”

मग त्या उठल्या. गुडघ्यांना न विचारता उठल्या. ईराला सुचित्राच्या हातात दिलं, अंगणात गेल्या, खड्ड्यावरचा पत्रा एका हाताने ओढून बाजूला टाकला. त्याचा असा आवाज झाला की जीपचा ड्रायव्हरही जागा झाला.

“मच्छिंद्रा, तिकडं काय बघतो? ते पोतं आन.”

“मावशी, आज गुरुवार आहे, चांगला दिवस...”

“दिवस तू छाप तुझ्या फ्लेक्सावर. पोतं आन आदी.”

मीठ पहिल्यांदा बनुबाईंनी टाकलं, ओंजळीने. मग मच्छिंद्रभाऊंनी पोतं ओतलं, अर्धं बाहेर. मग कोळसा, मग मीठ. सुचित्रा थर सांगत होती, या खेपेला मराठीत. पंकजाताईंनी पाण्याची कळशी आणली आणि ओतता ओतता सवयीने हळदीकुंकूही वाहिलं. दहिफळे साहेब काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोक्याला बांधला आणि तांब्याची पट्टी सरळ बसली की नाही ते वाकून बघितलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कोळशाचा मोठा पंजा उमटला. घरी गेल्यावर त्यांना त्याबद्दल काय ऐकावं लागलं असेल, याची सुचित्राला अजून काळजी वाटते.

वायर जोडली. साहेबांनी जीपमधलं मोजायचं यंत्र आणवलं, खुंट्या ठोकल्या, काटा बघितला. “नियमात बसलं,” म्हणाले. मग मशीनची कुरतडलेली वायर बघून बराच वेळ बनुबाईंकडे बघत राहिले, आणि त्यांना म्हणाले, “आजी, मेन स्विचशेजारी ईएलसीबी बसवून घ्या या मॅडमकडून. वीज गळली की आपोआप बंद होतं.”

“ती बसवंलच,” बनुबाई म्हणाल्या. “न्हाई म्हनलं तरी.”

निघताना साहेब फाटकात थांबले. “रिपोर्ट पाठवतो. लायसन्सला अडचण नाही. पण एक करा, मॅडम. ती कवटी उतरवा. ती पाटी अडीचशे व्होल्टच्या वरच्या जागेला लागते. तुमच्या घरात तेवढं नाही.”

सुचित्राचा चेहरा पडला. एवढ्या सगळ्या गोष्टींत तिचा एकच नियम चुकला होता, आणि तोच गल्लीने इतके दिवस वाचला होता.

लायसन्स आलं. सुचित्राला सुप्यात एका शेडचं काम मिळालं, मग दुसरीचं. ती सकाळी डबा घेऊन जाते, हेल्मेट घालते, मोटरींना दोन-दोन अर्थिंग जोडते, वेगवेगळी आणि स्वतंत्र. ईरा दिवसभर बनुबाईंजवळ असते. बनुबाईंचे गुडघे आता ईरा चोळते, तेल बहुतेक फरशीला लागतं, पण बनुबाई म्हणतात, हिच्या हातात गुन हाय.

एवढंच की या आठवड्यात ईरा शिर्डीला तिच्या आजोळी आहे, केदारही तिकडेच गेलाय, आणि सुचित्राचं सुप्यात शटडाऊनचं, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायचं, काम निघालंय, ते अंधार पडेपर्यंत चालतं. पॅनेलच्या खोलीत तिच्या फोनला रेंज नसते. दुपारी ती बाहेर येऊन बनुबाईंना फोन लावते, तो वाजत राहतो. बहुतेक अंगणात असतील. बहुतेक झोपल्या असतील. बहुतेक.

तर तिचा तुम्हाला निरोप आहे. पुणे रस्त्याने नगरकडे जाणं होणार असेल तर केडगावात जरा आत वळा. पाण्याच्या टाकीच्या पुढची गल्ली, निळं फाटक. मागच्या दाराने हाक मारा, सुचित्राने पाठवलंय म्हणून सांगा. काही न्यायला नको. आणि लगेच उत्तर आलं नाही तर परत फिरू नका. गुडघ्यांमुळे त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो. थांबा तिथेच.